घरबसल्या लेखनाचं काम: ऑनलाइन मार्केटप्लेसवर पैसे देणारं गिऱ्हाईक कसं सापडतं?

गोदातीर

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या ओळखीच्या मुलामुलींकडून, आणि हल्ली त्यांच्या आयांकडूनही, एकच प्रश्न सारखा येतो: "लिहून ऑनलाइन पैसे मिळतात म्हणे, अर्ज कुठं करायचा?" फोनवर प्रत्येकाला अर्धंच सांगितलं जातं, म्हणून इथे एकदा सगळं मांडते. मी शेती आणि अन्नप्रक्रिया या विषयांवर इंग्रजीत लिहिते, शिवाय इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. माझी बरीचशी गिऱ्हाइकं पहिल्यांदा अशा मार्केटप्लेसवरच, म्हणजे काम देणारे आणि करणारे जिथे भेटतात त्या संकेतस्थळांवरच भेटली. तुमचे अनुभव यात घाला, काही राहिलं असेल तर सांगा.

आधी हे समजून घ्या की अर्ज केला आणि नेमणूक झाली, असं इथे होत नाही. आणि सगळी मार्केटप्लेस एकाच पद्धतीने चालतही नाहीत. चुकीच्या ठिकाणी नाव नोंदवून "इथे काहीच मिळत नाही" म्हणत परतलेले लोक मला बरेच भेटले आहेत.

अपवर्क आणि फ्रीलान्सर डॉट कॉमवर गिऱ्हाईक काम जाहीर करतं आणि आपण प्रस्ताव पाठवायचा. अपवर्क म्हणजे जुन्या ईलान्स आणि ओडेस्क या दोन कंपन्या एकत्र होऊन २०१५ साली नव्या नावाने आलेलं संकेतस्थळ. फाइव्हरवर याच्या उलट. तिथे आपली सेवा 'गिग' म्हणून मांडून ठेवायची, गिऱ्हाईक शोधत आपल्याकडे येतं. टेक्स्टब्रोकर, आयरायटर अशा ठिकाणी लेखकाला ताऱ्यांची श्रेणी मिळते आणि त्या श्रेणीवर दर ठरतो. इथे नाव नोंदवण्याआधी देशाची अट वाचा, काही ठिकाणी भारतातून प्रवेशच नसतो. कॉन्स्टंट कंटेंटवर आधीच लिहून ठेवलेला लेख विकायला मांडता येतो. आपल्याकडचं 'पेपर कंटेंट' (Pepper Content) हे संकेतस्थळ चाचणी घेऊन लेखक निवडतं आणि कंपन्यांचं आलेलं काम त्यांच्यात वाटतं. अनुवादकांसाठी प्रोझ डॉट कॉम आहे, १९९९ पासूनचं. त्याबद्दल इथले अनुवादक जास्त चांगलं सांगतील.

आता मला जे खरं सांगायचंय ते. प्रोफाइलमधून "मी कोणत्याही विषयावर लिहू शकते" हे वाक्य काढून टाका. गिऱ्हाईक "चांगला लेखक" असं शोधत नाही, ते विषय शोधतं. निफाड तालुक्यातल्या बी.एस्सी. ॲग्री झालेल्या मुलीला द्राक्षाच्या खरड छाटणी (एप्रिलमधली) आणि गोडी छाटणी (ऑक्टोबरमधली) यातला फरक, डाऊनी आणि भुरी हे रोग कधी येतात, जीएचं डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) का करतात, युरोपला माल पाठवताना ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांसाठीची सरकारी ऑनलाइन प्रणाली) बागेची नोंद का लागते, हे सगळं घरातच ऐकून माहीत असतं. द्राक्ष-बेदाणा निर्यातदारासाठी किंवा परदेशी कीडनाशक कंपनीसाठी लिहायचं तर हे ज्ञान दिल्लीत बसलेल्या, सफाईदार इंग्रजी लिहिणाऱ्या माणसाकडे नाही. तरी हीच मुलगी प्रोफाइलवर "ब्लॉग, एसईओ, प्रॉडक्ट डिस्क्रिप्शन, ऑल टॉपिक्स" असं लिहिते आणि जगातल्या लाखो लोकांच्या रांगेत सगळ्यात मागे जाऊन उभी राहते. मला याचं फार वाईट वाटतं.

दर, फसवणूक, पैसे कसे येतात यावर खाली बोलूच.

निफाडची_लेक

ताई, तुम्ही माझंच प्रोफाइल वाचून लिहिलंय असं वाटलं. शब्दन् शब्द तोच! मी बी.एस्सी. ॲग्रीच आहे. घरची बाग आहे, थॉम्पसन आणि थोडी शरद सीडलेस. अपवर्कवर खातं काढलं आहे, बरेच प्रस्ताव पाठवले, पण एकालाही उत्तर नाही. प्रस्ताव पाठवायला जे कनेक्ट्स लागतात ते विकत घ्यावे लागतात, त्यामुळे घरचे म्हणतात, काम मिळायच्या आधीच पैसे जातायत, ही फसवणूक तर नाही ना?

गोदातीर

निफाडची_लेक, कनेक्ट्स ही फसवणूक नाही, अपवर्कची उघड पद्धत आहे. एका कनेक्टला ०.१५ डॉलर पडतात आणि एका प्रस्तावाला अनेक कनेक्ट्स लागतात. म्हणून दिसेल त्या कामावर प्रस्ताव टाकायचा नाही. आधी गिऱ्हाईक तपासायचं. कामाच्या पानावर त्याची माहिती असते: पैसे देण्याची पद्धत पडताळलेली आहे का, आजवर किती कामं जाहीर केली आणि त्यातल्या किती कामांवर खरंच कुणाला घेतलं, एकूण किती खर्च केला, ताशी सरासरी किती दिले. खाली आधीच्या लेखकांनी त्याच्याबद्दल काय लिहिलंय तेही वाचता येतं. ते न चुकता वाचा. दहा कामं जाहीर करून एकालाही न घेतलेल्या माणसावर कनेक्ट्स घालवू नका. जाहीर होऊन बराच वेळ झालेल्या आणि पन्नासच्या वर प्रस्ताव आलेल्या कामावरही नको.

उत्तर न येण्याचं दुसरं कारण प्रस्तावाच्या पहिल्या दोन ओळी. गिऱ्हाइकाला यादीत तेवढ्याच दिसतात. "डिअर सर, आय ॲम अ हार्डवर्किंग रायटर" यात त्या दोन ओळी संपतात. तिथे त्याच्या कामाबद्दल असं काही यायला हवं जे फक्त विषय माहीत असलेलाच लिहील. तुमचा एखादा प्रस्ताव इथे टाका, आपण सगळे मिळून बघू.

सातपूरकर

धागा चांगला आहे, पण माझं मत वेगळं आहे. ही सगळी मार्केटप्लेस लेखकाला स्वस्त करतात. फाइव्हर सरळ २० टक्के कापतं. अपवर्क आधी सरसकट १० टक्के घ्यायचं, मे २०२५ पासून नव्या कामांवर ० ते १५ टक्के झालं. वर डॉलरचा रुपया होताना आणखी गळती. आणि स्पर्धा कुणाशी, तर जो सगळ्यात कमी दर सांगेल त्याच्याशी.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन बघा. पंप, व्हॉल्व, इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्या शेकडो छोट्या कंपन्या आहेत. त्यांचे कॅटलॉग वाईट इंग्रजीत आहेत, मशीनवर काम करणाऱ्या माणसासाठी मराठी सूचनापुस्तिका नाही, संकेतस्थळ वर्षानुवर्षं तसंच पडलंय. मी याच लोकांकडून थेट काम घेतो. मध्ये कुणी नाही, कमिशन नाही. शिवाय सिंहस्थ आला आहे. हॉटेलं, धर्मशाळा, ट्रॅव्हल्सवाले सगळ्यांना मराठी, हिंदी, इंग्रजी मजकूर लागणार. नाशिकच्या लेखकाने परदेशी संकेतस्थळावर रांगेत उभं राहण्याऐवजी आपल्या गावात फिरावं.

गोदातीर

सातपूरकर, तुमचं अर्धं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. वसाहतीतलं काम खरं आहे आणि चांगलंही. पण जिला अजून एकही छापील नमुना दाखवता येत नाही, ती अंबडमधल्या कारखानदाराच्या केबिनमध्ये जाऊन काय सांगणार? तुमची तिथे ओळख आहे, तुम्ही कदाचित त्याच क्षेत्रात नोकरी केलेली आहे. घरी लहान मूल असलेल्या बाईला, किंवा दूरच्या पेठ-सुरगाण्याच्या मुलीला वसाहतीत फिरणं कितपत जमेल?

पैशाच्या हमीचाही प्रश्न आहे. अपवर्कवर ठरावीक रकमेच्या कामात गिऱ्हाईक आधी रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे अपवर्कच्या ताब्यात भरतं, मग आपण लिहायला बसायचं. लेख दिल्यावर त्याने चौदा दिवसांत काहीच कळवलं नाही तर ती रक्कम आपोआप आपल्याकडे येते. फाइव्हरवरही ऑर्डर देतानाच पैसे भरले जातात. गावात मात्र "पुढच्या महिन्यात बघू" ऐकत बसलेले लेखक मी पाहिले आहेत.

कमिशनचं म्हणाल तर ते दर सांगतानाच धरायचं असतं. हिशोब मांडते. शब्दाला पन्नास पैसे दराने १००० शब्दांचे ५०० रुपये. २० टक्के गेले की ४००. अभ्यास, लेखन, एक दुरुस्ती धरून चार तास लागले तर ताशी १०० रुपये. आता हाच दर शब्दाला दोन रुपये असेल तर ताशी ४००. दोन्ही लेखांना वेळ तेवढाच लागतो. पन्नास पैशांच्या कामातून दोन रुपयांच्या कामाकडे जायला "आणखी वेगाने लिहा" हा उपाय नाही. ज्या विषयावर लिहिणारे कमी आहेत तिथे जाणं हा उपाय आहे.

शब्दवेल्हाळ

अनुवादकाच्या बाजूने थोडं लिहितो. मी नाशिक रोडला राहतो, इंग्रजी-मराठी करतो, बहुतेक औषध आणि वैद्यकीय उपकरणांचा मजकूर, रुग्णांची संमतीपत्रकं.

प्रोझवर फुकट खातं काढता येतं. तिथली सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे ब्लू बोर्ड. अनुवाद संस्थांना अनुवादकच एक ते पाच गुण देतात, प्रश्न एकच असतो: या संस्थेबरोबर पुन्हा काम कराल का? एखाद्या संस्थेचा मेल आला की आधी तिथे बघायचं. मेल जीमेलच्या पत्त्यावरून आलाय आणि नाव मात्र मोठ्या संस्थेचं आहे, असं असेल तर त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर लिहून खात्री करायची. आणखी एक: अनुवादकांचे बायोडेटा चोरून, फक्त मेलचा पत्ता बदलून दुसरेच लोक त्यांच्या नावावर कामं घेतात. म्हणून बायोडेटा जाहीर पानावर टाकू नका, मागितला तरच पीडीएफ पाठवा.

दर नेहमी मूळ मजकुराच्या शब्दांवर ठरवा. मराठीत विभक्तीप्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजी हजार शब्दांचा मराठी अनुवाद करा, शब्द कमी भरतात. "अनुवादातले शब्द मोजू" म्हणणाऱ्याला हे नम्रपणे सांगा.

आणि युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसणारी अक्षरांची पद्धत! आपल्याकडे छापखान्यांत, डीटीपीत श्रीलिपी, कृतिदेव हे जुन्या पद्धतीचे फॉन्ट अजून सर्रास आहेत. तिथून आलेली मुलं उत्तम मराठी टाइप करतात, पण परदेशी संस्थेला ती फाइल उघडल्यावर नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक शिकून घ्या. अनुवादाचं सॉफ्टवेअर शिकायला ओमेगाटी मोफत आहे, तिथून सुरुवात करा. ट्रॅडॉस, मेमोक्यू नंतर, काम मिळू लागल्यावर.

एचपीटीचा_विद्यार्थी

मी एम.ए. मराठी करतोय. माझं इंग्रजी साधारण आहे. फक्त मराठीत लिहिणाऱ्याला या जगात काही जागा आहे का? कथा लिहितो. प्रतिलिपीवर थोड्या टाकल्या आहेत, वाचक आहेत, पण पैसे नाहीत.

शब्दवेल्हाळ

@एचपीटीचा_विद्यार्थी, आहे, पण ती वेगवेगळ्या नावांनी लपलेली असते. "मराठी" एवढाच शब्द टाकून शोधू नका. उपशीर्षकं, लिप्यंतरण, ऑडिओसाठी संहिता, लोकलायझेशन (ॲप, संकेतस्थळं स्थानिक भाषेत आणणं), यंत्राने केलेल्या अनुवादाची दुरुस्ती, एआय मॉडेलची मराठी उत्तरं तपासणं, अशा शब्दांनी शोधा. कुकू एफएम, पॉकेट एफएमसारख्या ऑडिओ कंपन्यांना मालिकेसारखी लांबत जाणारी कथा लागते. तुम्हाला कथा जमते तर भागाच्या शेवटी श्रोत्याला पुढच्या भागाकडे कसं न्यायचं, याचा सराव करा. ते वेगळं कसब आहे.

एम.ए. मराठीला कमी लेखू नका. प्रमाणलेखन पक्कं असलेले मुद्रितशोधक फार कमी उरलेत. यंत्राचा अनुवाद वाचून "हे मराठी नाही, इंग्रजीच मराठी लिपीत लिहिलंय" हे ओळखणारा कान तुमच्याकडे आहे. त्याचेच पैसे मागायचे आहेत.

गोदातीर

शब्दवेल्हाळ यांना अनुमोदन. फक्त दुरुस्तीच्या कामात एक काळजी घ्या. "यंत्राने केलंय, नुसती नजर फिरवायची" म्हणून दर निम्मा सांगतात, आणि मजकूर असा येतो की नव्याने लिहिणं सोपं. आधी एक पान मागून बघा, मग तासाचा दर सांगा. इथे शब्दाचा दर घेऊ नका.

पुणेरी_एसईओ

मी एजन्सीत काम करतो, म्हणजे लेखकांना काम देणाऱ्या बाजूला. तिथून जे दिसतं ते सांगतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर "१० फायदे", "५ टिप्स" छापाच्या लेखांची मागणी आमच्याकडे झपाट्याने घटली. ते काम परत येणार नाही, नव्या माणसाने त्याची वाट बघू नये. ज्या लेखात कुणाशी तरी बोलून आणलेली माहिती आहे, प्रत्यक्ष बघून लिहिलंय, फोटो स्वतःचे आहेत, त्याला मात्र आम्ही आजही पैसे देतो आणि तसा लेखक मिळत नाही. गोदातीर ताईंचं विषयाबद्दलचं म्हणणं आमच्या बाजूने शंभर टक्के खरं आहे.

एक त्रास मात्र लेखकांना होतो. काही गिऱ्हाइकं एआय ओळखणाऱ्या टूलमध्ये लेख टाकतात आणि ते टूल माणसाने लिहिलेल्या लेखालाही यंत्राचा ठरवतं. साध्या, नीटनेटक्या इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय लेखकांवर हा आळ येताना मी पाहिलाय. यावर उपाय: लेख सुरुवातीपासून गूगल डॉक्समध्येच लिहा. त्यातला आवृत्ती इतिहास दाखवला की मजकूर कसा वाढत गेला, खोडला गेला, हे तारखेवार दिसतं. दुसरीकडे लिहून एकदम चिकटवला तर हा पुरावा राहत नाही. आणि एआय वापरायला परवानगी आहे का, किती, हे काम घेतानाच लेखी विचारा.

मखमलाबाद_वासी

मला फसवणुकीबद्दल लिहायचंय, कारण आमच्या शेजारच्या घरात हे घडलं. जाहिरात आली: "घरबसल्या टायपिंग, पीडीएफमधून वर्डमध्ये, दर पानाला अमुक रुपये." मुलीने ऑनलाइन करारावर सही केली. मुदतीत काम दिलं. मग सांगितलं की अचूकता ९० टक्क्यांच्या खाली आली, करार मोडला, आता नुकसानभरपाई भरा. पाठोपाठ वकिलाच्या नावाने नोटीस, "कोर्टात केस टाकलीय", "पोलीस येतील" असे फोन. घाबरून त्यांनी काही रक्कम भरली, तर आणखी मागणी आली. मुलगी घरात कुणाशी बोलेना.

कृपया सगळ्यांनी घरी सांगा. हे लोक काम देतच नाहीत, ही घाबरवून पैसे काढण्याचीच पद्धत आहे.

अशिलाची_बाजू

वकील आहे, म्हणून नेमकं सांगते. असे फोन आले तर पैसे भरू नका, फोनवर वाद घालू नका. मेसेज, करार, बँकेचे व्यवहार जपून ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त. करारातल्या अटी न पाळल्याचा वाद दिवाणी असतो. त्यासाठी "उद्या पोलीस उचलून नेतील" असं होत नाही. त्या नोटिशीवरचं वकिलाचं नाव, नोंदणी क्रमांक बहुधा खोटा असतो.

खरं काम देणारा तुमच्याकडून नोंदणी फी, अनामत रक्कम, प्रशिक्षणाचे पैसे मागत नाही. टेलिग्रामवर बोलवत नाही. आणि "नमुना म्हणून" अख्खा नवा लेख फुकट लिहून मागत नाही. नमुन्यासाठी तुमचा आधीचा लेख द्या, किंवा छोटी सशुल्क चाचणी घ्या म्हणावं.

धागा लेखकांचा आहे तर कॉपीराइटबद्दलही लिहिते. १९५७च्या कायद्याप्रमाणे लेखाचा पहिला मालक लेखक. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं मालकाचं, पण फ्रीलान्सर नोकर नसतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचं हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. भारतीय गिऱ्हाइकाशी थेट काम करताना हे माहीत असू द्या. मार्केटप्लेसवर मात्र तुम्ही खातं काढताना ज्या अटींना होकार देता त्यात बहुतेक वेळा असं असतं की पैसे मिळाले की हक्क गिऱ्हाइकाचे. म्हणजे तो लेख पुढे आपला नमुना म्हणून दाखवायचा असेल तर परवानगी काम सुरू करतानाच मागा. काम झाल्यावर कुणी देत नाही.

सातपूरकर

गोदातीर ताई, पैसे अडकण्याबद्दल तुम्ही म्हणालात ते खरं आहे, तेही उपायासकट सांगतो. लेखकालाही उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची, म्हणजे एमएसएमईंची सरकारी नोंद) करता येते. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागवावं लागतं. नाही भागवलं तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. मी बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून हिशोब विभागातून फोन वेळेवर येतात. नोंदणी मात्र काम देण्याच्या आधीची हवी, आणि हे फक्त भारतातल्या गिऱ्हाइकाला लागू.

आणि सुरुवात ऑनलाइन, मग वसाहत, हा क्रम मला पटला. पेठ-सुरगाण्याच्या मुलीचा विचार मी केला नव्हता.

देवळालीकर

बँकेत परकीय चलन विभागात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. पैसे येण्याबद्दल काही गोष्टी.

पेपालने भारतातल्या भारतात पैसे पाठवण्याची सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली. परदेशातून येणारे पैसे अजून घेता येतात. पेओनियर, वाइज हे दुसरे मार्ग. प्रत्येकाचा विनिमय दर आणि शुल्क वेगळं. जाहिरातीतलं शुल्क पाहू नका, शंभर डॉलर पाठवले तर खात्यात शेवटी किती रुपये पडतात तेवढं बघा. रक्कम आली की बँकेकडून किंवा त्या कंपनीकडून परकीय रक्कम मिळाल्याचं पत्र, एफआयआरए, उतरवून घ्या आणि फाइलला लावा. ही सेवा निर्यात आहे, हे दाखवणारा तोच कागद. पैसे कशाबद्दल आले त्याचा हेतू संकेतांक विचारला तर "कुटुंबासाठी मदत" असं काहीतरी निवडू नका.

जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. नोंदणी झाल्यावर परदेशी कामावर एलयूटी (हमीपत्र) भरून शून्य दराने बिल करता येतं. मार्केटप्लेसवर पॅन क्रमांक भरा, नाहीतर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) जास्त दराने कापला जाऊ शकतो. भारतीय कंपनीने कापलेला टीडीएस प्राप्तिकर खात्याच्या तुमच्या नावावरच्या नोंदीत (२६एएस) दिसतो का ते बघत जा. प्राप्तिकरात व्यावसायिकांना निम्मी जमा उत्पन्न धरण्याची सोय आहे (१९६१च्या कायद्यातलं कलम ४४एडीए). पण त्या यादीत वकील, डॉक्टर, अभियंते, चित्रपटाचे कथा-संवाद लेखक आहेत, कंटेंट लिहिणारा असा शब्द नाही. तेव्हा ती सोय तुम्हाला लागू करायची का, हे सीएला विचारूनच ठरवा.

एचपीटीचा_विद्यार्थी

काका, अपवर्कने डब्ल्यू-८बेन नावाचा अमेरिकी कराचा फॉर्म भरायला सांगितलाय. भरायचा का? भीती वाटते.

देवळालीकर

भरा. तुम्ही अमेरिकेचे नागरिक किंवा करदाते नाही, एवढंच त्यात जाहीर करायचं असतं. तो भरल्याने अमेरिकेत कर लागत नाही.

निफाडची_लेक

गोदातीर ताई, तुम्ही म्हणालात म्हणून प्रोफाइल बदललं. वरचं शीर्षक आता "द्राक्ष आणि फलोत्पादन विषयाची लेखिका, बी.एस्सी. ॲग्री" असं इंग्रजीत केलंय. नमुन्यासाठी आमच्या बागेवरच एक लेख लिहिला: गोडी छाटणीनंतर पाऊस आला तर डाऊनीसाठी काय बघायचं. वडिलांनी तपासून दिला. फोटोही आमच्याच पानांचे. एक काम दिसलंय, शेतीची औषधं विकणारी परदेशी कंपनी, भारतातल्या द्राक्षबागायतदारांसाठी लेख हवेत. पैसे देण्याची पद्धत पडताळलेली आहे, आधी बऱ्याच लेखकांना घेतलंय. प्रस्ताव असा लिहिलाय (इथे मराठीत सांगते):

"तुमची जाहिरात वाचून आनंद झाला. मी द्राक्ष पिकवणाऱ्या कुटुंबातली आहे आणि मला शेतीवर लिहायला आवडतं. नाशिक जिल्ह्यात द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते, त्यामुळे युरोपातलं फवारणीचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही. मी तुम्हाला दर्जेदार लेख वेळेत देईन. सोबत नमुना पीडीएफ जोडत आहे. दर तुम्ही सांगाल तो."

गोदातीर

विषय आणि नमुना दोन्ही उत्तम. वडिलांकडून तपासून घेतलं हे तर फारच छान, ते प्रस्तावातही लिहा. आता बदल सांगते.

पहिली दोन वाक्यं काढा. तिसरं वाक्य पहिलं करा, "नाशिक जिल्ह्यात द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते, त्यामुळे युरोपातलं फवारणीचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही." यादीत गिऱ्हाइकाला हेच दिसलं पाहिजे. त्याला लगेच जोडून: "तुमच्या लेखांत खरड छाटणी आणि गोडी छाटणी यांना धरून वेगवेगळा सल्ला द्यावा लागेल, मी तो बागायतदाराच्या भाषेत लिहू शकते." मग घरची बाग, पदवी, वडिलांनी तपासलेला नमुना.

"दर्जेदार लेख वेळेत" काढा, सगळेच तसं लिहितात. त्याऐवजी दिवस सांगा: १००० शब्दांचा लेख चार दिवसांत, एक दुरुस्ती धरून. शेवटी एक प्रश्न विचारा: लेखात कंपनीच्याच औषधाचं नाव यायला हवं की फक्त घटकाचं? त्याला उत्तर द्यावंसं वाटेल आणि तुम्हालाही ते कळायला हवं, कारण औषधाची मात्रा लिहायची वेळ आली तर लेबलवर छापलेलीच द्यायची, अंदाजाने नाही.

"दर तुम्ही सांगाल तो" अजिबात नको. पहिलं काम आहे म्हणून फुकटाच्या जवळ जाऊ नका. अपवर्कचं कमिशन धरून तुमच्या हातात ताशी किती पडायला हवेत ते ठरवा, त्यावरून पूर्ण लेखाची रक्कम काढा आणि तीच लिहा. त्याने कमी करायला सांगितलं तर रक्कम कमी करू नका, शब्द कमी करा. "अपवर्कबाहेर पैसे देतो" म्हणाला तर नाही म्हणा. ते तिथल्या नियमांविरुद्ध आहे, ओळख झाल्यापासून दोन वर्षं हा नियम लागू असतो आणि खातं बंद होऊ शकतं. शिवाय एस्क्रोची हमीही जाते.

पीडीएफऐवजी गूगल डॉक्सची लिंक द्या. लिंकवर "कुणालाही बघता येईल" ही परवानगी चालू केलीय का, ते घरातल्या दुसऱ्या फोनवरून उघडून तपासा आणि मगच प्रस्ताव पाठवा.